आप्पांनी तापवलेली गाडी

गाडीच्या काचेवरचा बर्फ माणूस कशाने खरवडतो, यावरून तो आयर्लंडमध्ये किती वर्षं राहिलाय ते बरोबर ओळखता येतं. पहिल्या हिवाळ्यात बँकेचं कार्ड. ते मधोमध मोडलं की दुसऱ्या हिवाळ्यात पेट्रोल पंपावर मिळणारं प्लॅस्टिकचं खरवडणं. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत अक्कल आलेली असते. संध्याकाळीच काचेवर जुनी चादर टाकायची आणि तिची टोकं दारांत चेपून ठेवायची. मी तिसऱ्या हिवाळ्यात होते. माझे वडील, म्हणजे आप्पा, इथे आल्याच्या चौथ्या दिवशी माझं डोशाचं उलथनं घेऊन गाडीपाशी उभे होते.

"काचेला ओरखडा पडेल, आप्पा!" मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले.

"डोसा काढताना तव्याला पडला काय कवा?" ते म्हणाले आणि खरवडत राहिले.

ओरखडा पडला. तो अजून आहे, चालवणाऱ्याच्या नजरेसमोर, जरासा डावीकडे.

मी लेटरकेनीच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. नवरा डब्लिनला, सँट्रीतल्या एका ऑफिसात. सोमवारी पहाटेच्या बसने जातो, शुक्रवारी संध्याकाळी उगवतो. मधले दिवस मी, आमचं भाड्याचं घर आणि एक दहा वर्षं जुनी डिझेल गाडी. त्या हिवाळ्यात आई पुण्याला वहिनीच्या बाळंतपणात अडकली होती. आप्पा घरी एकटे राहिले तर दोन्ही वेळा चहात खारी बुडवून दिवस काढतील, अशी तिची खात्री होती. म्हणून तिनं त्यांना चटण्या, पिठं आणि एका माकडटोपीसकट माझ्याकडे पाठवून दिलं.

आप्पा म्हणजे कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यातले निवृत्त डिझेल मेकॅनिक. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या जीपा आणि ट्रॅक्टर चालते ठेवले, आणि वेळ पडली तेव्हा चालवलेही. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. इंजिन तापवून गाडी काढणारी, आणि बाकीची. मी बाकीच्यांत मोडत होते.

"गाडी काय माणसापरास येगळी हाय काय?" ते मला समजावत. "तुला झोपंतनं उठीवलं आनि लगीच पळ म्हनलं तर पळशील?"

"मी तेच करते, आप्पा. त्याचाच पगार मिळतो."

"म्हनून तर वाळलीयास. आईल रातभर तळाला बसल्यालं असतंय. ते वर चढू दे की जरा."

दोष माझाच होता. आदल्या हिवाळ्यात फोनवर मी त्यांच्याजवळ रोज रडगाणं गायले होते की सीट बर्फासारखी असते, स्टिअरिंगला हात लावला की बोटं गारठतात, काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही. ते सगळं त्यांनी मनात ठेवलं होतं. इथे आल्यावर त्यांनी घड्याळ बघून कामाला सुरुवात केली. सहा पन्नासला माझ्या नवऱ्याचा जाड कोट अंगावर, माकडटोपी डोक्यावर, किल्ली हातात. मग वीस मिनिटं गाडी जागेवरच सुरू. त्या वीस मिनिटांत आप्पा गाडीतून उतरत नसत. चालू गाडी सोडून जायची नाही, हा कारखान्याचा नियम. मी खिडकीतून बघायची, तर मागच्या लाल दिव्यात पांढरा धूर आणि आत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसलेले आप्पा. कुठेही जात नसलेल्या गाडीत इतकं सावध बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सव्वासातला मी बाहेर यायची तेव्हा काच स्वच्छ, सीट गरम, आणि दार उघडून धरलेलं. मला हे फार आवडत होतं, उगाच कशाला खोटं बोलू? दिवसभर लोकांची दुखणी ऐकणाऱ्या बाईला सकाळी कुणी दार उघडून धरलं, तर ती कशाला नको म्हणेल? शिवाय आप्पांना इथे दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. चार वाजता अंधार, टीव्हीवरची भाषा कळत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही. ती वीस मिनिटं त्यांची ड्यूटी होती. बाकीचा दिवस ते मी यायची वाट बघत.

गाडी मी चालवत होते खरी, पण पुढे-मागे लाल अक्षरात एल लावून. आपलं भारतातलं लायसन्स इथे पहिलं वर्षभरच चालतं. पुढे शिकाऊ परवाना, आणि पक्कं लायसन्सवालं कुणीतरी शेजारच्या सीटवर पाहिजेच. माझ्या शेजारी आमच्या बाजूच्या घरातली सिस्टर बसायची. ती इथलीच, डोनेगॉलची, माझ्याच हॉस्पिटलमध्ये, निवृत्तीला आलेली. तिला हिवाळ्यात स्वतःची गाडी काढायचा कंटाळा आणि मला माणूस हवं, असा दोघींचा सौदा जमला होता. रोज गाडीत बसली की ती गरम सीटवर हात फिरवून म्हणायची, "युअर मॅन आजही लवकर उठला वाटतं." इथे समोर नसलेल्या कुठल्याही पुरुषाला युअर मॅन म्हणतात, मग तो पंतप्रधान असो की माकडटोपीतले आप्पा. एकदा तिनं सहज असंही म्हटलं होतं की आताच्या गाड्यांना इतकं तापवावं लागत नाही, तिच्या वडिलांच्या काळात लागायचं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. पेशंटनं असं काही म्हटलं असतं तर मी लिहून घेतलं असतं. पण हे मला सोयीचं नव्हतं.

लायसन्सची परीक्षा द्यायची होती ती डिसेंबरात. उन्हाळ्यात मी एकदा नापास झाले होते. आरशात पुरेसं बघितलं नाही म्हणे. आता ही दुसरी तारीख, आणि हिच्यात काही बिनसलं तर पुढची थेट मार्च-एप्रिलात. पण जानेवारीत मला स्लायगोच्या हॉस्पिटलमध्ये रुजू व्हायचं होतं. दोन वर्षं ज्या जागेसाठी धडपडत होते ती जागा शेवटी मिळाली होती. तिथे वेळी-अवेळी बोलावणं येणार, राहायची खोली गावाबाहेर, आणि शेजारच्या सीटवर बसायला सिस्टर नाही. लायसन्स नाही म्हणजे स्लायगो नाही, इतकं ते सरळ होतं. आणि तिथल्या लोकांना मी हो कळवून बसले होते.

आप्पांना हे सगळं ठाऊक होतं. पण परीक्षेबद्दल ते माझ्याशी बोलत नसत, आणि त्याला एक जुनं कारण होतं. त्यांनी मला कधी गाडी शिकवली नाही. भावाला सोळाव्या वर्षी कारखान्याच्या मैदानात जीपवर बसवलं. मी मागे बसून बघत होते. मी पण म्हटलं, तर "तुला कशाला पोरी, तू डाक्टर हो, डायवर ठेव" म्हणाले. डॉक्टर झाले. ड्रायव्हर काही परवडला नाही. गाडी मी इंटर्नशिपमध्ये एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, तीही अशी की लायसन्स मिळालं तेव्हा मला रिव्हर्स येत नव्हता. आप्पा माझ्या गाडीत पहिल्यांदा बसले ते इथे, मागच्या सीटवर, कारण पुढची सिस्टरची.

आणि आप्पांना गाडीत बसवणं म्हणजे शिक्षाच. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. आम्ही लहानपणापासून बघतोय, लग्नाचं वऱ्हाड असो की तिरुपतीचा अख्खा प्रवास, सगळी गाडी घोरत असायची आणि आप्पा टक्क जागे, उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर. डब्लिनच्या विमानतळावरून माझ्या नवऱ्यानं त्यांना साडेतीन तास गाडीनं आणलं तेव्हा ते दोन दिवसांचे जागे होते. तरी पापणी मिटली नाही. घरी पोचल्यावर नवरा मला म्हणाला, "तुझे वडील माझ्यापेक्षा जास्त दमलेत. पूर्ण रस्ता त्यांनीच चालवलाय." मी बाजारात घेऊन जायची तेव्हाही मागे त्यांचा पाय दाबला जायचा. मला आरशात पाय दिसत नसे, पण चेहरा दिसायचा. परीक्षकाच्या आधी तो चेहराच मला नापास करायचा.

परीक्षेच्या आठवड्यात थंडीनं कहर केला. रोज उणे पाच, उणे सहा. रस्ते गोठले तर परीक्षाच रद्द होते, म्हणून मी दर तासाला फोन बघत होते. तसा निरोप आला नाही. परीक्षा साडेदहाला. सिस्टरनं माझ्यासाठी रजा घेतली होती, आणि आठ वाजता निघून दोघींनी थोडा सराव करायचा ठरलं होतं. आप्पांनी त्या दिवशी साडेसहालाच गाडी सुरू केली.

"परीक्षा हाय म्हनून आज जास्त तापीवलीया," ते म्हणाले. स्वेटरवर कोट आणि कोटावर पुन्हा माझी शाल.

मी आत बसले. आरसा नीट केला. पट्टा लावला. मग समोरच्या काट्यांकडे बघितलं, तर वेगाच्या काट्याखाली एका जागी नखाएवढी काळी चिकटपट्टी. इतकी नीट कापलेली की चटकन कळूही नये. मी ती नखाने काढली. खाली पिवळा दिवा जळत होता.

"आप्पा, हे काय आहे?"

"काय न्हाई. दिवा लागत हुता परवाधरनं. परीक्षेच्या तोंडावर तू घाबरशील, म्हनून पट्टी लावली. आमच्या जीपंला धा वर्सं हुती तसली. गाडीला काय धाड भरलीया?"

चालू गाडीत असा एखादा इशाऱ्याचा दिवा लागलेला असेल तर परीक्षक गाडीत बसतच नाही. तिथल्या तिथे परत पाठवतो. हे मला पाठ होतं, कारण नियमांचं पुस्तक मी एमबीबीएसच्या वरताण घोकलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर स्लायगो आलं आणि गेलं.

मी ओरडले. सिस्टर तिच्या दारातून कॉफीचा मग घेऊन येत होती, तिच्यासमोर ओरडले. कुणी सांगितलं होतं हात लावायला, हा तुमचा कारखाना नाही, इथे मला जगायचंय, तुम्ही काय, महिन्याभरात जाल परत. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं की ते परत घेता येणार नाही. आप्पांनी माकडटोपी काढून हातात घेतली. उणे पाचात त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. मला लाज वाटली, आणि राग तर तसूभरही गेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी होतं.

सिस्टरला मराठी येत नाही, पण तिला सहा भावंडं आहेत, त्यामुळे काय झालं ते तिला समजलं. तिनं चष्मा लावून दिव्याकडे पाहिलं आणि भाच्याला फोन केला. डोनेगॉलमध्ये प्रत्येकाला एक भाचा असतो आणि तो नेमकं आपल्याला हवं तेच काम करत असतो. हा गॅरेज चालवायचा. "ग्रँड," सिस्टर फोन ठेवत म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत काम झालं. "साडेआठला उघडतोय. तिघंही चला."

आप्पांनी मानेनंच नको म्हटलं. सिस्टरनं मागचं दार उघडलं आणि त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना आत बसवलं, पेशंटला बसवतात तसं. ते बसले.

भाच्यानं गाडीला एक वायर जोडली, छोट्या पडद्यावर काहीतरी वाचलं आणि मला विचारलं, "ही गाडी जागेवर उभी ठेवून कोण तापवतं?"

सिस्टर छताकडे बघायला लागली.

मग त्यानं समजावलं. या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाडी लांब आणि जोरात चालली की ती तापते आणि अडकलेली काजळी जळून जाते. पण गाडी नुसती जागेवर सुरू ठेवली, आणि मग जेमतेम दहा मिनिटांच्या हॉस्पिटलपर्यंत नेली, तर काजळी साठत जाते, जळत काहीच नाही. महिनाभर रोज असं केलं की दिवा लागणारच.

"काय म्हनतोय त्यो?" आप्पांनी विचारलं.

"म्हणतोय, गाडी जुनी झालीये," मी म्हणाले.

"खोटं बोलू नगंस. मला इंग्रजी येत न्हाई, पन मेकॅनिकचं त्वांड वाचाय येतंय."

तेव्हा मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. काहीही न गाळता. आप्पा भाच्याजवळ गेले. भाच्यानं सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काळं झालेलं बोट त्यांना दाखवलं. आप्पांनी ते बोट धरून उजेडात नीट पाहिलं. चौतीस वर्षं जे काम केलं त्याच कामाची चूक कुणी परक्या गावात बोटावर काढून दाखवावी, हे मला बघवेना.

"म्हंजे धुराडं चोंदलंय," आप्पा म्हणाले. "बायलरचं चोंदतंय तसंच की. मंद जाळ ठेवला की काजळी धरतीया. हंगामाच्या सुरवातीला आमी काय करायचो? भट्टी पेटवून दोन तास नुसती भडकवायचो. सगळी काजळी जळून जायची." त्यांनी कपाळावर हात मारला. "एवढं कळाय पायजे हुतं मला."

मी हे भाच्याला सांगितलं. तो आप्पांकडे बघून खुलला. "हेच," तो म्हणाला. "मोठ्या रस्त्यावर न्या, अर्धा तास. वरच्या गिअरमध्ये टाकू नका, इंजिन जोरात फिरत राहिलं पाहिजे. कुठे थांबू नका. दिवा गेला तर गेला. नाही गेला तर मग गाडी माझ्याकडे दोन दिवस."

नऊ वाजत होते. मोठ्या रस्त्यावर मीठ-खडी टाकलेली होती, हे सिस्टरनं रेडिओवर ऐकलं होतं. आम्ही दक्षिणेला निघालो, म्हणजे स्लायगोच्याच दिशेला. शेजारी सिस्टर, मागे आप्पा, समोर पिवळा दिवा. दोन्ही बाजूंची शेतं पांढरी आणि मेंढ्या मळकट. गावाबाहेर आल्यावर मी सवयीनं पाचवा टाकायला गेले.

"पाचवा टाकू नगंस," मागून आवाज आला. "चौथ्यातच ऱ्हाऊ दे."

"बरं."

"पाय हलवू नगंस. हाय तसा दाबून धर. मागं-फुडं केलंस की जाळ कमी हुतोय."

मला वाटलं होतं ते पुन्हा बोलणारच नाहीत. आता ते पुढे सरकून, दोन्ही सीटांच्या मधे मान घालून, इंजिन ऐकत बसले होते. समोर ट्रॅक्टर आला तर "आत्ता घे फुडं" म्हणायचे. चढ आला तर "तिसरा, तिसरा, मरू दिऊ नगंस". मी आयुष्यात पहिल्यांदा आप्पांच्या हाताखाली गाडी चालवत होते. छत्तिसाव्या वर्षी. सिस्टर ओठ आवळून बसली होती. तिला शब्द कळत नव्हते, पण मध्येच तीही "थर्ड, लव्ह, थर्ड" म्हणाली.

बार्न्समोरच्या खिंडीत दोन्ही अंगांना डोंगर आणि त्यांच्या माथ्यावर नुकतं ऊन आलेलं. अर्धा तास होऊन गेला होता. दिवा तसाच होता. आता वळलो नाही तर परीक्षेला पोचणार नाही, असं मी म्हणाले.

"थांब," आप्पा म्हणाले. "वास येतोय बघ."

मला हीटरचा वास येत होता. सिस्टरला काहीच नाही.

"जळाय लागलंय. आजून धा मिंटं. सोडू नगंस."

मी सोडलं नाही. डोळे रस्त्यावर ठेवले आणि खाली बघायचंच नाही असं ठरवलं. खिंड संपली, पाण्याच्या कडेचा सपाट रस्ता लागला, आणि मग सिस्टरनं माझ्या दंडावर एकदम इतक्या जोरात चापट मारली की गाडी हलली. दिवा गेला होता.

मी हसायला लागले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रस्ता दिसेना, म्हणून गाडी जरा बाजूला घेतली. आप्पा लगेच म्हणाले, "इंजान बंद करू नगंस, तसंच वळव." मी वळवली. परतीच्या वाटेवर आरशात बघून मी म्हणाले, "आप्पा, सकाळी मी नको ते बोलले. माझं चुकलं."

"राग आला की तू तुझ्या आईवर जातीस," ते म्हणाले. "मला सवय हाय. फुडं बघ."

परीक्षक उंच आणि गंभीर होता, नाकाचा शेंडा लाल झालेला. त्यानं गाडीभोवती फेरी मारली. मग काट्यांकडे बघायला आत वाकला आणि तसाच सरळ झाला. बॉनेट उघडायला सांगून त्यानं तेल कसं तपासाल ते विचारलं. मी म्हणाले, इंजिन थंड असताना ही मोजपट्टी काढून पुसायची, पण आत्ता इंजिन थंड नाहीये.

"ते दिसतंय," तो म्हणाला, आणि हातमोजे काढून दोन्ही हात क्षणभर इंजिनावर धरून उभा राहिला. आत बसल्यावर म्हणाला, सकाळपासून तिसरी परीक्षा घेतोय, पाय पहिल्यांदाच गरम झाले. मग तो एकदम पुन्हा गंभीर झाला आणि मला उजवीकडे वळायला सांगितलं.

पाऊण तासानं मी कागद घेऊन बाहेर आले तेव्हा सिस्टर आणि आप्पा एका बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होते. कागद बघून सिस्टरनं मला मिठीच मारली. आप्पांनी तो कागद उलटासुलटा पाहिला.

"दिवा?" त्यांनी विचारलं.

"नाही लागला."

"मग झालं तर."

पक्कं लायसन्स टपालानं यायला पुढे दहा दिवस गेले. ते येईतो सिस्टर शेजारी बसत राहिली. पण आप्पांनी गाडीच्या किल्लीला हात लावणं सोडलं होतं. उठायचे मात्र साडेसहालाच. मी खाली यायची तर ते टोपी घालून टेबलाशी बसलेले असत, समोर चहाचा कप, आणि खिडकीतून बंद गाडीकडे बघत. काच मी खरवडायची. सीट गार असायची. मला तिची आता सवय करून घ्यायला हवी, असं मी स्वतःला सांगत होते, पण त्या बंद गाडीकडे बघून माझ्याच जिवाची घालमेल व्हायची.

लायसन्स आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरची सुट्टी होती. बाहेर उणे तीन. मी नेहमीपेक्षा तासभर लवकर खाली आले.

"चला आप्पा. गाडी तापवायची."

"उभ्यानं तापवाय न्हाई पायजे म्हनला न्हवं त्यो?"

"उभ्यानं नाही. चालवून."

ते उठले. काच त्यांनीच खरवडली, उलथन्यानं. मग सवयीनं मागचं दार उघडून आत बसायला लागले.

"पुढे बसा."

"सिस्टर?"

"सिस्टर आज नाही. आणि आता लागतही नाही."

ते पुढे येऊन बसले. पट्टा कुठे अडकवायचा ते मला दाखवावं लागलं. मी सुरू करून लगेच निघाले, थंड इंजिनावर, हळूहळू, तेव्हा त्यांनी एक मोठा उसासा सोडला. पहिल्या दोन वळणांना त्यांचा उजवा पाय दाबला गेला. आता तो मला दिसत होता. मग आम्ही खाडीच्या कडेच्या रस्त्याला लागलो. पाणी काळं होतं आणि पलीकडे एक-दोन घरांचे दिवे. हीटरमधून गरम हवा यायला लागली. मी त्यांना स्लायगोचं सांगत होते, की खोली चांगली आहे, समोर डोंगर आहे, शनिवारी निघाले तर दोन तासांत घरी येईन, तुम्ही पुढच्या हिवाळ्यात आईला घेऊन या. तिसरा टाकला आणि विचारलं, "बरोबर आहे ना आप्पा? की अजून दुसऱ्यातच ठेवू?"

मी बघितलं. माकडटोपी छातीवर झुकली होती. हात मांडीवर उघडे पडले होते, आणि उजवा पाय चटईवर सैल, तिरका. आप्पा झोपले होते.

मी रेडिओ बंद केला. परत वळलो, हॉस्पिटलचा चौक आला. तिथून आत न वळता मी गाडी सरळ मोठ्या रस्त्याला घेतली आणि चौथ्यात ठेवली. त्यांना घरी सोडून ड्यूटीला पोचायचा वेळ धरूनही हाताशी अजून वीस मिनिटं होती.